राणी गेल्यानंतरचा आवाज

मंगळवार, सकाळचे सहा चाळीस. कथेकानी गावाबाहेरच्या रताळ्याच्या शेतात स्योंबुआने वहीत नोंद केली : प्राणी क्रमांक एक, मृत.

डब्याच्या झाकणाची भोकं लाल मातीने बुजली होती आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. आत बोटभर लांबीचा, बिनकेसाचा, सुरकुतलेला उंदीर निपचित पडला होता. पुढचे दात ओठांच्या बाहेर.

"मेलेला नाही तो," मागून कोणीतरी म्हणालं. "थांबलाय."

खांद्यावर कुदळ घेतलेला तरुण होता. मुसेंबी. शेत त्याच्या आईचं. नैरोबीच्या प्रयोगशाळेतून बाई येणार हे त्याला ठाऊक होतं. ती उजाडायच्या आधीच खणायला बसेल, हे नव्हतं.

"श्वास नाहीये. मी नीट पाहिलंय."

"शहरात तेवढ्यावर मरत असतील. हात पुढे करा."

त्याने उंदीर तिच्या तळव्यावर ठेवला आणि वरून स्वतःची ओंजळ झाकली. सात मिनिटं गेली. मग तळव्याला काहीतरी टेकलं... एकदाच. बराच वेळ काही नाही. आणि पुन्हा. इतक्या थंड, मेल्यासारख्या कातडीखालून कोणीतरी दार ठोठावत होतं.

"मला माहीत होतं," ती ओशाळून म्हणाली. "हवेशिवाय अठरा मिनिटं तग धरतात. माझ्याच प्रबंधात आहे."

"मग प्रबंध लिहून झाल्यावर एकदा वाचायचा ना, डॉक्टरीणबाई!"

ती हसली. त्याने हात काढला नव्हता — आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

नागड्या उंदरांना पकडण्याची तिकडे एकच रीत आहे. बिळाचं तोंड उघडायचं आणि गप्प बसायचं. यांना उघडं भोक सोसत नाही. कोणी ना कोणी माती घेऊन ते बुजवायला येतंच. आलं, की त्याच्या मागे कुदळ मारून परतीची वाट तोडायची. मुसेंबीचा घाव चुकत नसे. पायाखालची माती किंचित हलली तरी त्याला कळायचं.

"नेहमी येतात?" तिने विचारलं.

"न येऊन सांगतात कोणाला? घर उघडं टाकून बसणारे नाहीत ते." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही बसता का? घर टाकून?"

"लग्न झालंय का, असं सरळ विचारा की."

"झालंय का?"

"नाही. आता बिळाकडे बघा."

चौथ्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं. दुपारी बाओबाबच्या सावलीत त्याच्या आईने, कलेक्येने, मक्याची उसळ वाढली आणि विचारलं, "पोरी, हे किडके उंदीर कशाला नेतेस?"

स्योंबुआने सांगितलं. साधा उंदीर तीन वर्षांत म्हातारा होतो, हे तीस वर्षं जगतात. कर्करोग यांना जवळजवळ होत नाही. मुंग्यांसारखी यांच्या वसाहतीत पिल्लं एकट्या राणीलाच होतात, आणि तीही मरेपर्यंत; तिचं शरीर थकतच नाही. "माझी आई अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेली. स्तनाचा कर्करोग."

"म्हणजे यांच्यात औषध आहे?" मुसेंबीने विचारलं.

"ते माहीत नाही. यांच्या पेशींभोवती एक चिकट पदार्थ असतो. साध्या उंदरांवर थोडा फरक दिसलाय. माणसांवर अजून काही नाही. खोटी आशा मी देणार नाही... पण मला राणी हवी आहे."

कलेक्ये उठून आत गेली. मुसेंबीने आईला एक शब्द दिलेला होता : पिकासाठी कितीही उंदीर मारावेत, राणीला हात लावायचा नाही. राणी गेली की खाली माद्या तिच्या जागेसाठी एकमेकींना फाडतात, आणि जमीन महिनोन् महिने घर मोडल्यासारखी होते, असं म्हातारी सांगत असे.

अकराव्या दिवशी त्यानेच राणी काढून दिली. त्र्याहत्तर उंदीर बाहेर आले. बहात्तर परत सोडले. राणी लांब होती, पोट फुगलेलं. डब्यात ठेवताना ती एकदाच चिवचिवली आणि जमिनीखालून एकाच सुरात उत्तर आलं. कलेक्येने दार लावून घेतलं.

"प्रत्येक वसाहतीची बोली वेगळी असते," स्योंबुआ म्हणाली. "संगणक आवाजावरून घर ओळखतो. राणी गेली की बोली विस्कटते. नवी बसली की पुन्हा जुळते." थोडं थांबून ती म्हणाली, "प्रयोगशाळेत प्राणी सांभाळायला माणूस हवाय. चल माझ्याबरोबर. म्हणजे... नोकरीसाठीच, असं नाही."

"मग कशासाठी?"

"आता मी सरळ सांगायचं का?"

"मी सरळ विचारलं होतं."

"तुझ्यासाठी, मुसेंबी."

त्याने तिच्या कपाळावरची लाल माती अंगठ्याने पुसली. "येणार. पण खालचं घर मी मोडलंय, आईचा शब्द मोडून. ते मोडकं टाकून आलो, तर उद्या तुझंही टाकीन. नवी राणी बसली, की त्याच दिवशी नैरोबीच्या मटाटू गाडीत बसतो."

"दोन महिने तरी लागतील."

"रताळ्याला चार लागतात. सवय आहे मला."

ती बिळात सोडायचा ध्वनिग्राहक त्याच्याकडे ठेवून गेली. रोज सकाळी तो चार मिनिटांची ध्वनिफीत फोनवर पाठवी. चिवचिव संपली की त्याचा आवाज येई. "हे उंदरांसाठी नाही, तुझ्यासाठी : आज उजीची पेज करपली." "आज आई माझ्याशी बोलली. गाढव म्हणाली." स्योंबुआ ते शेवटचे शब्द पुन्हा पुन्हा ऐके. मग कामाला लागे.

राणी नेल्यापासून दहाव्या दिवसापर्यंत बोली विस्कटायला हवी होती. विस्कटली नाही.

विसाव्या दिवशी नैरोबीतल्या राणीला तेरा पिल्लं झाली. म्हणजे चुकीचा प्राणी आणला, ही शंका मिटली. तिसाव्या दिवशी संगणकाने सांगितलं, शेतातली बोली पूर्वीपेक्षा एकसंध आहे. दोन राण्यांची वसाहत क्वचित आढळते. पण स्योंबुआने बहात्तर माद्या-नर स्वतः तपासून सोडले होते. दुसरी राणी नव्हती.

चौतिसाव्या सकाळी तिने त्याची ध्वनिफीत राणीच्या काचपेटीपाशी लावली. एरवी राणी अशा चिवचिवीला लगेच उत्तर देई. त्या दिवशी तिने दिलं नाही. ती पिल्लांवरून उठली, पेटीच्या दूरच्या कोपऱ्यात गेली आणि तोंड भिंतीकडे करून बसली.

त्या फितीच्या शेवटी मुसेंबी म्हणाला होता, "काल मी भोक उघडून बसलो. कोणी बुजवायला आलं नाही. तू येतेस का?"

शुक्रवारी दुपारच्या बसमधून ती गावात उतरली. मुसेंबी थांब्यावर होता, हडकलेला. तिने त्याचा हात धरला. त्याने तो घट्ट दाबला.

शनिवारी उजाडताच दोघांनी नवं तोंड उघडलं. तास गेला. कुदळ त्याच्या हातात तशीच. आत माती हलत नव्हती. तिने कॅमेऱ्याची तार आठ फूट आत घातली. बोगदे स्वच्छ, गुळगुळीत. एकही उंदीर नाही, हाडं नाहीत, रक्त नाही. कानाला लावलेल्या यंत्रात मात्र तीच चिवचिव, अगदी जवळून, एका सुरात.

"किती असतील?" त्याने कुजबुजत विचारलं.

"संगणक म्हणतोय... बहात्तर."

"मग मी येऊ की नको? तूच सांग. घर मोडलंय की नाही?"

"मला सांगता येत नाही."

"प्रबंधात?"

"प्रबंधात असं काही नाही रे." ती कसंबसं हसली. तो सरकून तिच्या खांद्याला खांदा लावून बसला.

दार उघडून कलेक्ये बाहेर आली. तिने भोकाकडे पाहिलं नाही. स्योंबुआपुढे चहाचा पेला ठेवला आणि म्हणाली, "तो एकटा बसायचा इथे, सकाळपासून. आता दोघं बसताय. बरंय."

आज बुधवार आहे. सकाळी सव्वासातपर्यंत भोक उघडंच आहे आणि आवाज चालू आहे. मुसेंबी नैरोबीला गेलेला नाही. स्योंबुआने प्रयोगशाळेला रजा वाढवण्याचा अर्ज पाठवला आहे. त्यात परतीची तारीख लिहिलेली नाही.