पाहुण्याची खुर्ची

काचघरात जाऊन ट्रेवर शेवटची नजर टाकायची आणि फोटो संशोधन केंद्राच्या संचालकांना पाठवायचे, एवढंच काम होतं. संध्याकाळ अजून उजेडाची होती, पण बाहेर धुकं उतरत होतं आणि काचा आतून घामेजल्या होत्या. दार लोटताच टोमॅटोच्या पानांचा उग्र, हिरवा वास तिच्या अंगावर आला. आत्याच्या हातांना जन्मभर हाच वास होता.

आत्या उन्हाळ्यात गेली. मागे उरली ही रोपं आणि ही भाची, दोन्ही तिनेच वाढवलेली. रोपं रोगाला बळी पडत नाहीत हे दाखव, नाहीतर उद्या सकाळी ट्रे भट्टीत जाईल, असं संचालकांनी बजावलं होतं. भाचीचा नुसता तिळपापड झाला होता. एका बाईने आयुष्य वेचायचं आणि यांनी ते केरासारखं लोटून द्यायचं!

विषाणूला आत्या पाहुणा म्हणायची. "अगं चिमणे, तो येतो रिकाम्या हाताने. आपली नक्कल कशी करायची, तेवढी चिठ्ठी खिशात. मग पेशीचीच प्रथिनं कामाला जुंपतो आणि घर आपल्यासारख्यांनी भरून टाकतो. पण आधी त्याला बूड टेकायला जागा लागते." ती जागा म्हणजे पेशीतल्या पडद्यावरचं एक प्रथिन. आत्याच्या भाषेत खुर्ची. तिने वाढवलेल्या रोपांत ती खुर्चीच नव्हती. ओळखीसाठी त्यांना लाल दोरा असे, साध्या रोपांना पांढरा.

पंधरवड्यापूर्वी भाचीने रोगट पानांचा रस या रोपांवर चोळला होता. आज सगळी पानं हिरवीगार, स्वच्छ. ती खुशीत फोन काढणार, तोच तिच्या लक्षात आलं.

साधं रोप ठेवायचं राहिलं होतं. त्याच रसाने शेजारचं साधं रोप आजारी पडलेलं दाखवल्याशिवाय, रस मुळात जिवंत होता हे कोण मानणार? आत्याने कान पकडून शिकवलेली पहिली गोष्ट, आणि घाईघाईत तीच विसरली.

मग ट्रेच्या टोकाला ते दिसलं. पानं आकसलेली, पिवळ्या-हिरव्या डागांनी भरलेली. देठाला पांढरा दोरा, आणि त्याची गाठ उलटी. आत्या डावरी होती. ती गाठ भाचीला लहानपणापासून कधीच जमली नव्हती.

काचघर सांभाळणारे काका उजव्या हातात झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालत होते.

"काका, हे रोप कुणी ठेवलं?"

"तुम्हीच की, ताई. त्या दिवशी रस चोळून गेलात आणि परत आलात."

"मी परत आले नव्हते..."

"घ्या. डाव्या हाताने चोळत होतात. मी म्हटलंसुद्धा, उजवा संपावर गेला का?"

"मग मी... काय म्हटलं?"

काकांची झारी थांबली. "हसलात. आत्याबाईंसारखं, नाकातून. म्हणालात, बसायला जागा मिळाली, आता कसली घाई..."

काचेवरून एक थेंब सावकाश ओघळला. तिने डावा हात उजेडात धरला. टोमॅटोच्या पानांचा हिरवट-काळा डाग अंगठ्यावर होता. गेला पंधरवडाभर कुठल्याच साबणाला तो दाद देत नव्हता.

भीती वाटली. मानेवरचे केस उभे राहिले. आणि त्याच क्षणी, लहानपणी आत्या मागून स्वेटर घालायची तेव्हा यायची, तशी ऊब पाठीवर पसरली.

तिने फोटो पाठवले, निरोगी रोपांचे आणि त्या एका आजारी रोपाचेही. संचालकांचं उत्तर लगेच आलं. 'पुरावा पक्का आहे. ट्रे राहू दे.'

"बस हं, आत्या," ती पुटपुटली. "हवं तेवढं बस."

मागे कुणीतरी नाकातून हसलं.

ती वळली. काका तिच्याकडे बघत होते, कौतुकाने, डोळे भरून. झारी आता त्यांच्या डाव्या हातात होती.

"धुकं वाढतंय," ते म्हणाले. "घरी जा आता, चिमणे."