उंबऱ्यापासून आत

राजूरच्या वरच्या अंगाला, जिथं जीप शेवटचं वळण घेऊन थांबते, त्या वाडीतली घरं अजून मातीची आहेत. पावसाळा सरेपर्यंत भुई पार उखणते. मग दिवाळीच्या आधी खड्ड्यांत माती भरायची, चोपण्यानं ठोकायची आणि वरून शेणानं सारवायचं. सारवणारी बाई आतल्या भिंतीपासून सुरुवात करते आणि मागं सरकत सरकत उंबऱ्यातून बाहेर पडते. एखादी नवी नवरी घाईघाईत दारापासून सुरू करते नि शेवटी आतल्या कोपऱ्यात अडकून बसते, तेव्हा सगळी वाडी हसते.

चांगुणा आणि झुंबरबाई एकाच वर्षी लग्न होऊन या वाडीत आल्या. तीस वर्षं एकमेकींची भुई त्यांनी मिळून सारवली. काम उरकलं की जीपनं राजूरच्या बाजाराला जायचं, पावशेर जिलबी घ्यायची आणि झाडाखालच्या कट्ट्यावर बसून संपवायची, एवढाच त्यांचा सण. चांगुणाच्या उजव्या हाताचं मधलं बोट विळ्यानं अर्धं गेलेलं. त्यामुळं तिच्या सारवणात तीनच रेघा उमटत, मधली एक गाळलेली. "आला बाई थोटीचा हात!" म्हणून झुंबर चिडवायची. चांगुणाचा नवरा गेला, मुलगी संगमनेरला दिली. एका खोलीच्या घरात एकटीच राहणाऱ्या तिला या चिडवण्याखेरीज हक्काचं असं काही उरलं नव्हतं.

यंदा मात्र वृषाली आली. अंगणवाडीत नवी लागलेली, गोड बोलणारी, झुंबरच्या शेजारी खोली घेऊन राहिलेली. आणि झुंबर तिच्याबरोबर बाजाराला गेली. जिलबीसुद्धा खाल्ली. जीपवाल्यानं सहज सांगितलं नि चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला.

"यंदा तुझी भुई तुझी तू सारव," ती झुंबरच्या दारात जाऊन म्हणाली. "न्हाईतर तिला बोलाव. तिची बोटं पुरी हायेत."

"आगं, तू तापानं पडलीवतीस म्हनून गेले तिच्यासंगं..."

पण चांगुणा ऐकायला थांबते कशाला! आठ दिवस ती घरात फुगून बसली. स्वतःची भुईही तिनं तशीच उखणलेली ठेवली. हात नुसते शिवशिवत होते. झुंबरनं दारात येऊन "चल" म्हणावं, म्हणून दिवसातून दहादा ती वाटेकडं बघायची. कुणी आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी हंडा घेऊन ती निघाली, ती मुद्दाम झुंबरच्या दारावरून. ओटा, पडवी, सगळं सारवून लख्ख झालेलं. त्या पोरीनं कुठं कच्चं ठेवलंय ते शोधायला ती वाकली.

तीन रेघा. मधली एक गाळलेली.

तिनं हंडा खाली ठेवला आणि वाळलेल्या सारवणावर हात टेकवला. बोटं बरोबर रेघांत बसली. अर्धं बोट रिकाम्या जागेवर आलं.

"आता काय तपासतीस?" झुंबर तोंडभर हसत बाहेर आली. "परवा येवढं झकास सारवून गेलीस. तुझा हात असा कंदी बसला न्हवता बघ."

"म्या?"

"मंग कोन? पाठ करून जी कामाला लागलीस ती लागलीस. काल बाजारालाबी आलीस. माझ्या शेजारी बसून जिलबी खाल्लीस, पर येक शबूद बोलली न्हाईस. आजून राग हाय व्हय?"

आठ दिवस चांगुणा या वाटेला फिरकली नव्हती. ती मी नव्हते, असं ओठावर आलं होतं. पण मग ही भुई कुणाची? ती जिलबी कुणाची? झुंबर कुणाची? जीपमध्ये झुंबरला खेटून जी कोणी बसली होती, तिचा चांगुणाला वृषालीच्या शंभरपट हेवा वाटला. तिला आपली जागा द्यायची? मेले तरी नाही.

"व्हय," ती म्हणाली. "म्याच हुते."

झुंबरचा जीव भांड्यात पडला. "मंग आज तुझी भुई करू. तू हो म्होरं, म्या शेन घिऊन आलेच."

चांगुणा हलक्या पावलानं घरी आली. ओढून घेतलेलं दार सताड उघडं होतं. ओल्या शेणाचा वास येत होता.

भुई सारवलेली होती. अजून ओली. तीन रेघा, मधली एक गाळलेली.

ती उंबऱ्याबाहेरच थांबली. सारवण तिच्या पायापाशी सुरू झालं होतं; तिथं ते सुकत आलं होतं, आत ओलंच होतं. तिथून ते आत आत सरकत चुलीपलीकडं, कोपऱ्यातल्या अंधारापर्यंत गेलं होतं.

बाहेर येणारं पाऊल कुठंच उमटलं नव्हतं.

घराला दुसरं दार नव्हतं.

कुंपणापलीकडून झुंबरची हाक आली. "चांगुणे, केलीस का गं सुरवात?"

चांगुणानं तोंड उघडलं.

"झाली की," आतून उत्तर आलं.

कुंपणापलीकडं झुंबर खुदकन हसली. "आता कशी पयल्यावानी बोललीस बाई!"