दहा फुटांवरचा हात

शेडमध्ये एक विमान होतं. त्याला दोन पंख, तीन चाकं, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, विमान हाकायचे एकमेकांना जोडलेले दोन दांडे आणि सात घड्याळं. सातपैकी पाच चालू. अंगावरच्या कापडाला एकोणीस ठिगळं, त्यातलं सगळ्यात नवं काल संध्याकाळचं, डाव्या चाकाच्या वर. शलाका भोईटेनं हे सगळं दुसऱ्यांदा मोजून टॅबवर नोंदवलं आणि खाली लिहिलं : उड्या, चार.

काल उतरताना विमानानं चार उड्या मारल्या होत्या. तेव्हा आत कोणीही नव्हतं.

"चार नाही, साडेतीन," ठिगळावर रोगणाचा ब्रश फिरवत जुने मेकॅनिक मुलाणीमामा म्हणाले. "शेवटची धरू नका ताई. ती दमून मारली बिचारीनं."

विमानाचं नाव टिटवी. १९६१ सालचं. माळावरचा फ्लाइंग क्लब बंद पडला तेव्हा बाकीची विमानं भंगारात गेली. ही एक कॅप्टन सुधीर तारळेकर आणि त्यांची बायको नलिनीबाई, या दोघांनी ठेवून घेतली. तेव्हापासून दर जानेवारीत माळावर उड्डाणमेळा भरायचा. आसपासच्या गावांतली माणसं बांधावर बसून हुरडा खात आणि टिटवी त्यांच्या डोक्यावरून चार फेऱ्या मारी. आता आभाळात सामानाची ड्रोन दिवसभर जातात, कोणी मान वर करत नाही. टिटवीचा आवाज आला की मात्र म्हाताऱ्या बायासुद्धा ओट्यावर येतात.

नलिनीबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. कॅप्टन एकटे उडवत राहिले. या महिन्याच्या एकतीस तारखेला त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती आणि नव्या नियमाप्रमाणे त्याच दिवशी त्यांचा परवाना संपणार होता. नवे वैमानिक पुष्कळ होते, पण त्यांची विमानं स्वतःच स्वतःला सावरतात. शेपटीला चाक असलेलं, कापडी, वारा लागला की बिथरणारं विमान उतरवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. टिटवीला उडवायला कोणी मिळालं नाही, तर एक संग्रहालय तिचं इंजिन काढून तिला छताला टांगणार होतं. कॅप्टन ते संग्रहालय बघून आले होते.

"सगळं टांगलंय," एवढंच ते म्हणाले होते. "खाटकाच्या दुकानासारखं."

म्हणून कॅप्टनचा हात यंत्राला शिकवायला शलाका इथे आली होती. सहा महिन्यांपूर्वी तिनं दोन्ही दांड्यांच्या मुठींत आणि पायपट्ट्यांत केसाहून बारीक तंतू गुंडाळले. बोटांचा दाब हे तंतू सेकंदाला दोनशे वेळा टिपतात. या नोंदीला ती स्पर्शलेख म्हणे. कॅप्टनच्या एक्केचाळीस उड्डाणांचा स्पर्शलेख जमल्यावर तिनं डाव्या दांड्याला एक लहान विजेची मोटर जोडली. मोटर तो लेख वाचायची आणि दांडा तसाच हलवायची. याचं नाव प्रतिहात. पहिल्यांदा रिकामी टिटवी वर गेली आणि कॅप्टनसारखंच जरा ऐसपैस वळण घेऊन परतली, तेव्हा मामांनी हातातला पाना खाली ठेवला होता.

"साहेब, तुम्ही इथं उभे आणि तुम्हीच वर. घरी कोणाला जेवायला वाढायचं?"

उडणं जमलं. उतरणं जमेना. आणि प्रतिहाताला उडवायची परवानगी देणारी सरकारी तपासणी उद्या होती.

शलाकानं आलेख उघडला. एक्केचाळीसही उड्डाणांत एकच जागा खटकत होती. जमीन दहा फुटांवर आली की डाव्या मुठीवरचा दाब शून्यावर जायचा. शून्य दशांश सहा सेकंद. मग एक जोरकस ओढ, आणि चाकं टेकायची. इतक्या खाली कोणता वैमानिक दांडा सोडेल? तंतू सैल झाला असणार, असं समजून तिनं ती फट गोंगाट, म्हणजे नोंदीतली खोट, म्हणून गाळली होती. मूळ स्पर्शलेखात बदल करायला नियमानं बंदी होती. गोंगाट गाळायची तेवढी मुभा होती.

कॅप्टन चहाचा पेला घेऊन आले.

"कॅप्टन, उतरताना तुम्ही दांडा सोडता का?"

"भोईटे, बावन्न वर्षं उडवतोय. दांडा सोडणारा माणूस बावन्न वर्षं उडवत नाही."

"सहा दशांश सेकंद."

"तुझा धागा तुटलाय. तपास." ते पेला घेऊन धावपट्टीकडे गेले. चाल जरा जास्तच ताठ होती.

मामांनी ब्रश डब्यात उभा केला. "धागा चांगला आहे, ताई. साहेब दांडा सोडतात. त्यांना ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"बाईसाहेब होत्या ना, उजव्या खुर्चीत असायच्या. साहेबांपेक्षा त्या हलक्या हातानं उतरवायच्या. साहेबही कबूल करायचे, पण माझ्यासमोर नाही. दहा फुटांवर आलं की साहेब हात वर करून दाखवायचे, असा." त्यांनी उघडा पंजा कपाळाशी नेला. "म्हणजे मी सोडलं, आता तू घे. शिकवणाऱ्यांची रीतच आहे ती. मला खालून काचेतून दिसायचं. बाईसाहेब गेल्या. हात अजून वर होतो. मग काय होतं कोणास ठाऊक, आठवण होत असेल, परत दांडा धरतात."

शलाकानं आलेखावरची फट मोठी करून बघितली. मग तिला उड्यांचं कारण कळलं. दांडा सुटला की टिटवीचं नाक जरा खाली जायचं. नंतरची ओढ ते नाक सावरण्यासाठी होती. तिनं सुटणं पुसलं आणि सावरणं तसंच ठेवलं. न पडणाऱ्या विमानाला प्रतिहात जोरानं उचलत होता.

फट परत जागेवर घालणं हा दोन मिनिटांचा खेळ. पण तपासणीचा नियम साफ होता : हवेत असताना दांडा अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त मोकळा राहता कामा नये. एक दशांश सेकंद जास्त होत होता. ती रात्रीच्या जेवणाआधीच निर्णयावर आली आणि धावपट्टीच्या कडेला बसलेल्या कॅप्टनसमोर उभी राहिली.

"पहिल्या तपासणीला उजव्या खुर्चीत एक सोबती बसवायला परवानगी आहे. त्याला परवाना लागत नाही, अनुभव लागतो. त्याचा हात दांड्यावर असला तर दांडा मोकळा धरत नाहीत."

"मी माझ्याच विमानात सामान म्हणून बसू?"

"तुम्ही हात सोडता तेव्हा कोणीतरी घ्यायला हवं."

मामांनी सांगितलेलं तिनं सगळं सांगितलं. आलेख दाखवला. कॅप्टननी टॅब हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एक्केचाळीस फटी एकेक करून बघितल्या.

"ती खुर्ची तिची आहे," शेवटी ते म्हणाले. "मी तिथे कधी बसलो नाही."

"माहीत आहे."

"तिथून धावपट्टी कशी दिसते तेही मला ठाऊक नाही, भोईटे."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तपासनीस बाई आल्या. नाव दाभाडे, बोलणं मोजकं. "तीन वेळा उतरणं. एक जरी नियमात बसलं तरी मंजुरी. एकही बसलं नाही तर उड्डाण बंद." त्यांनी मांडीवर यंत्र उघडलं.

कॅप्टन उजव्या दारानं आत चढले. पट्टा बांधताना तो त्यांना आखूड पडला. मामांनी तो सैल करून दिला. "बाईसाहेबांच्या मापाचा आहे," ते पुटपुटले. मग पुढे जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी पंखा फिरवला. कारखान्यातल्या इथेनॉलवर चालणारं जुनं इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. शेजारच्या शेतात ऊसतोड थांबली.

पहिली फेरी. टिटवी ऐसपैस वळली, खाली आली. दहा फुटांवर प्रतिहातानं दांडा सोडला. नाक झुकलं, सावरलं, चाकं टेकली. उडी एकही नाही. शलाकानं आकडा बघितला : मोकळा काळ, शून्य दशांश सहा.

"नाही," दाभाडे म्हणाल्या.

दुसरी फेरी. शलाकानं दुर्बीण डोळ्याला लावली. दहा फुटांवर उजव्या काचेमागे एक उघडा पंजा वर गेला.

"अहो साहेब," मामा ओरडले, जसं काही वर ऐकू जाणार होतं, "आज तुम्ही घ्यायचंय! दोघांनी सोडलं तर काय मी धरू खालून?"

शून्य दशांश सहा.

टिटवी तिसऱ्यांदा वर गेली. या वेळी वळण आणखी लांबलं. प्रतिहाताला घाई नव्हती. ज्याच्याकडून तो शिकला त्यालाही कधी नव्हती. ऊसतोडीची माणसं बांधावर येऊन उभी राहिली. शलाकानं दुर्बीण मामांच्या हातात दिली आणि पडद्याकडे बघितलं. चाळीस फूट. पंचवीस. पंधरा.

"हात दिसतोय का, मामा?"

मामांनी दुर्बीण हलवली नाही. "नाही," ते म्हणाले. "वर नाही."

चाकं टेकल्याचा आवाज आला नाही. धूळ उठली तेव्हाच कळलं. मामांनी दुर्बीण खाली केली आणि पूर्वी बाईसाहेबांना तुकवायचे तशी उजव्या काचेकडे मान तुकवली.

दाभाडेंनी यंत्रातून कागद काढला आणि वाचून दाखवला.

"तिसरं उतरणं. डावी मूठ मोकळी, शून्य दशांश सहा सेकंद. त्याच काळात उजव्या मुठीवर दाब, सरासरी दोनशे दहा ग्रॅम. नंतरची डावी ओढ, उजव्या मुठीनं रोखलेली. दोन्ही मुठी एकाच वेळी मोकळ्या, शून्य सेकंद. मध्यरेषेपासून अंतर चाळीस सेंटिमीटर. उड्या, शून्य."