पलीकडचा काठ

दादाचे डोळे काचबिंदूनं गेले, त्याला तीन वर्षं झाली. दगडाच्या खाणीवर मोजणीदार म्हणून त्यानं उभी हयात घालवली होती. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साचून तळं झालं, आणि त्या जागेवर पुस्तक लिहायचं त्यानं मनावर घेतलं.

"दिसतं ते कुणीही लिहील," तो म्हणायचा. "ऐकू येतं, वास येतो, अंगाला लागतं, तेवढंच मी लिहिणार."

लिहिणार म्हणजे सांगणार. लिहायचं धाकट्या बहिणीनं. औषधांच्या दुकानात डॉक्टरांचं अक्षर लावण्यात तिचा जन्म गेला होता. तिचं स्वतःचं अक्षर मात्र मोत्यासारखं.

रोज दुपारी चारला ती त्याला तळ्याकाठच्या बाकावर बसवी. तोंड पाण्याकडे, ऊन पाठीवर. समोर, पाण्यापलीकडे, उभा कातळ. त्याच्या पायथ्याशी माणूस जेमतेम उभा राहील एवढी जागा. तिथं जायला वाट नव्हती.

पहिले आठ दिवस झकास गेले. ओल्या चुन्याचा वास, वाऱ्यावर करकरणारी गंजकी तार, पायाखालची खडी. वही भरत आली.

नवव्या दिवशी तो म्हणाला, "लिही. ऊन तोंडावर येतंय. कपाळ भाजतंय."

"पाठीवर, दादा."

"माझं तोंड मला ठाऊक की तुला?"

तिनं हसून लिहिलं. घरी येऊन टोपी काढली, तर त्याचं कपाळ आणि नाक लालबुंद झालेलं. मानेवर काही नाही. पाण्यावरून ऊन परततं, त्यानं झालं असेल, अशी समजूत घालून तिनं मलम लावलं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "पाठीला दगड टेकलाय. गार. वरून थेंब गळताहेत."

बाकाला पाठच नव्हती. तिनं त्याच्या सदऱ्यावरून हात फिरवला. सदरा ओला होता, आणि बोटांना दगडाची पांढरी भुकटी लागली.

"दादा, घरी जाऊ या."

तो लगेच बोलला नाही. मनात तीनपर्यंत मोजून व्हावं, इतका वेळ गेला.

"का गं?" तो म्हणाला.

दोन दिवस तिनं पाय दुखण्याचं निमित्त सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो काकुळतीला आला. "शेवटचं पान राहिलंय. माझ्या हातून एवढं एक तरी पुरं होऊ दे." तिला नाही म्हणवेना.

त्या दुपारी वारा अगदी पडला होता. तार वाजत नव्हती.

"लिही," तो म्हणाला. "समोरच्या काठावर दोघं बसलीत. एक बाई, एक पुरुष. बाईची पेन्सिल वाजतेय. पुरुष गप्प आहे, नुसता श्वास ऐकू येतोय."

तिचा हात थांबला.

"आता पेन्सिल थांबली."

तिनं पलीकडे पाहिलं. नुसता कातळ. कुणी नाही.

"दादा, तू कुठं आहेस?"

एक. दोन. तीन.

"इथंच की. पाण्यापाशी."

"मग तो पुरुष कोण?"

"तेच विचारणार होतो." त्याचा आवाज उतरला. "तुझ्याशेजारी कोण बसलंय गं?"

वही तिथंच टाकून तिनं त्याला उठवलं. तो निमूटपणे चालला. दंड धरला होता म्हणून बरं. त्याचं वजन असं जाणवतच नव्हतं.

घरी येऊन तिनं त्याला पलंगावर बसवलं. खोली ती केवढी! एक पलंग, एक कपाट, जाड पडदे. तिनं दार लावलं, त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

"दादा, घरी आलो आपण."

ती वाट पाहत राहिली. बऱ्याच वेळानं त्याचे ओठ हलले.

"आलो का?"

आणि मग, त्याचे ओठ मिटलेले असताना, कातळावर आपटून यावेत तसे तेच शब्द त्या चिमुकल्या खोलीत पुन्हा घुमले. एकदा मोठ्यानं, मग लांबून, मग आणखी लांबून.