अळणी भाकर

होळी झाली की पाण्याकाठच्या खोल्या भरायला लागायच्या. पुसदचे, उमरखेडचे, नांदेडकडचे लोक गाड्या भरून यायचे, पत्र्याच्या सावलीत पाय पसरायचे, पायडलच्या होडीत बसून फोटो काढायचे आणि संध्याकाळी तळलेली मासळी खाऊन निघून जायचे. धरणाचं मागचं पाणी ते, ढाणकीहून सोळा किलोमीटर. पण सुखीबाईच्या पोरानं, भारतनं, वळणावर मोठा फलक ठोकला होता. ‘दर्या किनारा. राहण्याची व घरगुती जेवणाची सोय.’

“दर्या पाह्यलता का तुह्या बापानं?” दर उन्हाळ्यात एकदा तरी सुखीबाई विचारायची.

“बापानं नाई, त्याच्या आज्यानं पाह्यलता. तूच तं सांगते.”

ते खरं होतं. या बंजारा तांड्याची माणसं एके काळी लदेणीवर असायची. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून थेट दर्याकाठचं मीठ इकडच्या मुलुखात आणायची. आता शेती, सोयाबीन, तूर आणि वर ही पाच खोल्यांची दुकानदारी. जुना तांडा धरणात गेला. चिंचा गेल्या, विहीर गेली, मिठाच्या गोण्या रचायचा दगडी ओटा गेला. सुखीबाईनं ते सगळं बुडताना पाहिलं होतं, म्हणून पाण्याचं कौतुक तिला नव्हतं. पाहुण्यांना होतं. त्यांना काय, ते दोन दिवसांचे.

ती शिकली दुसरीपर्यंत, पण चूल तिच्या हातात होती आणि चुलीपुढे तहसीलदार आला तरी ती उठायची नाही. नांदेडच्या एका शेठनं तिखट कमी घाला म्हटलं, तर म्हणाली, “मंग दवाखान्यात जेवा.” तो हसला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला. तिची भाकर तशी होती. गावातले लोक अळणी भाकर खातात, तांड्यात नाही. तिच्या पिठात मीठ असायचंच.

त्यालाही कारण होतं. सासूनं, जमनीनं, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिला चुलीपुढे बसवून सांगितलं होतं. लदेणी चालायची तेव्हा आजाऱ्यासाठी थांबता येत नव्हतं. पाणी संपायचं, बैल पडायचे. ज्याचे पाय उचलत नाहीत त्याला झाडाखाली बसवायचं, शेजारी पाण्याचा लोटा ठेवायचा आणि हातात एक अळणी भाकर द्यायची. अळणी अशासाठी, की मीठ आहे तोवर माणूस आपल्या चुलीचा. मीठ काढलं की सुटला. मग चालायला लागायचं, मागं पाहायचं नाही. हे सांगताना जमनीचा आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. पीठ किती घ्यावं हे सांगावं तसं तिनं सांगितलं होतं.

तेव्हापासून जित्या माणसापुढे अळणी भाकर ठेवणं सुखीबाईला जमलं नाही. बीपीवाल्यांनासुद्धा ती चिमूटभर लपवून घालायची.

या वर्षी पाणी फार उतरलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ओट्याचा माथा बाहेर आला, पांढरट, शेवाळानं माखलेला. पाहुणे तिथवर चालत जाऊन फोटो काढू लागले.

ते चौघं आले ते मंगळवारी, ऐन दुपारी. भारत गॅसची टाकी आणायला ढाणकीला गेला होता. एक म्हातारा, दोन बाया आणि भारतच्याच वयाचा एक माणूस. गाडीचा आवाज नाही, सामान नाही. रस्त्याकडून नाही, पाण्याकडून आले. पाय ओले होते, आणि फरशीवर ते वाळत गेले तसतशी मागं पांढरी कड उमटत गेली.

सुखीबाईला आधी बरंच वाटलं. दोन्ही बाया फेटिया-कांचळीत, म्हणजे जुन्या घागरा-चोळीत होत्या, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तांड्यात असा पेहराव आता तिच्या एकटीच्याच अंगावर उरला होता. सुना सगळ्या साड्या नेसून मोबाइल चोळत बसतात. बोलीही गोर बोलीच, त्यातही जमनीच्या तोंडचे शब्द, जे हल्ली कोणी काढत नाही. एक गोष्ट मात्र तिला खटकली. कांचळीला आरसे ठासून भरलेले, वर माथ्यावर ऊन, आणि एकही आरसा चमकत नव्हता.

“चार मानसाचं जेवन व्हईल का बाई?” थोरली म्हणाली. “अळनी पाह्यजे.”

“काहून? बीपी हाय का?”

“नाई. मिठाची सवय नाई ऱ्हायली.”

तांड्याची बाई, अंगावर कांचळी, आणि मिठाची सवय नाही. सुखीबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या दारात आलेल्याला अळणी वाढायची आणि तीही आपल्याच माणसाला, असली नामुष्की तिच्या चुलीनं पाहिली नव्हती. तिनं नेहमीसारखं पीठ मळलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच मीठ टाकलं.

स्टीलची ताटं कमी पडली. बाकीची नांदेडहून आलेल्या पाहुण्यांच्या पंगतीत अडकलेली. तीन मिळाली. चौथ्याला तिनं भारतची काशाची थाळी दिली.

म्हाताऱ्यानं भाकर नाकाशी नेली आणि खाली ठेवली. बायांनीही तसंच केलं. त्या तरण्या माणसानं मात्र तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावता चावता थांबला. लांबून कोणी नावानं हाक मारावी तशी त्यानं मान वर केली. मग तो खात सुटला. तीन भाकरी खाल्ल्या, थाळी बोटानं पुसून घेतली.

बाकीचे तिघं त्याच्याकडे पाहत बसले. रागानं नाही. गाडी सुटलेल्या माणसाकडे पाहावं तसे.

त्यांनी शेवटची खोली मागितली, पण दिवसभर ते पाण्याच्या कडेला ओळीनं बसून असायचे, पाण्याकडे पाठ करून, तोंड तांड्याकडे.

बुधवारी भारत जेवताना आईला म्हणाला, “याडी, आज मीठ लय झालं.”

“तुह्या जिभेले झालं असन. पीठ तेच हाय.”

गुरुवारी त्यानं वरण बाजूला सारलं. शुक्रवारी ठेचा. शनिवारी त्यानं भाकरीचा घास थुंकला आणि ओशाळून हसला. “खारं लागते याडी. समुद्र प्यायल्यासारखं.” तोवर तिला राग येत होता. रविवारी पुष्पानं, तिच्या सुनेनं, फरशी पुसली आणि विचारलं, “आत्याबाई, हे आंघोळ करून अंग पुसत नाहीत का? जिथं जातील तिथं पाय उमटून राह्यले.”

सुखीबाईनं खाली पाहिलं. भारत सकाळपासून बाहेर पडला नव्हता, आंघोळही केली नव्हती. तरी त्याची पावलं ओली होती. सुकलेल्या ठशांची कड पांढरी होती.

त्याच दुपारी तिनं त्या तरण्या माणसाला होडीजवळ पाहिलं. तो पायडलची साखळी बसवत होता. पान्हा कुठं असतो ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याचे पाय कोरडे होते.

ती तडक खेमसिंगकडे गेली. तांड्यात तिच्याहून म्हातारा तेवढा एकच उरला होता. बाजेवर बसून तंबाखू मळत त्यानं सगळं ऐकलं.

“मिठाची दिली?”

“हाव.”

“अन् त्यानं खाल्ली.”

“खाल्ली म्हनून तं आली. काय व्हते ते सांग.”

“मले काय मालूम. आजवर असं कोनी केलंच नाई.” त्यानं तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच हातात धरून बसला. “थाळी कोनाची दिलती?”

सुखीबाई उठली.

परत येताना तिनं कुंपणाची काठी उपटली आणि पाण्याच्या कडेला गेली. सत्तर वर्षांत तिनं हाकललेली माणसं थोडी नव्हती. वनखात्याचे, दारूवाले, एकदा तर खुद्द सोयरे.

“ऊठ. माह्या दारातून नीघ.”

त्या माणसानं वर पाहिलं. चेहरा साधा, उन्हानं रापलेला.

“म्या मागितली नोहती, याडी,” तो म्हणाला. “आमी अळनीच मागितलती.”

काठी तिच्या हातात राहिली, पण उगारता आली नाही.

सोमवारी भारत बाजेवरून उठला नाही. उमरखेडच्या डॉक्टरनं रक्त तपासलं, फोटो काढला, सगळं ठीक म्हणाला आणि सलाईन लावली. अर्ध्या तासात भारतनं सुई उपटली. नसांत मिठाचं पाणी चढून राह्यलं म्हणून तो लहान लेकरासारखा रडत होता. खाईल ते द्या, म्हणून डॉक्टरनं घरी पाठवलं.

तो खायला तयार होता. फक्त अळणी.

सुखीबाईला तीन लेकरं झालेली. दोन पाळण्यातच गेली, हा एक राहिला. त्याला तिनं तापात मांडीवर घेऊन रात्री काढल्या होत्या, साप चावला तेव्हा पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत पळाली होती. आता तो एक भाकर मागत होता आणि ती देत नव्हती.

“मिठापायी जीव घेता का त्याहिचा?” पुष्पा म्हणाली. पुष्पानं चोरून एक अळणी भाकर केली, तर सुखीबाईनं ती तव्यावरूनच ओढून कोंबड्यांपुढे फेकली. हात भाजला. का, ते तिनं सांगितलं नाही. सांगून पुष्पानं काय केलं असतं. हसली असती, नाहीतर घाबरली असती. दोन्हींचा उपयोग नव्हता.

मंगळवार गेला. बुधवार गेला. भारतचे डोळे आत गेले, ओठ फुटले. फुटलेल्या ओठांवर रक्त नव्हतं, पांढरी पूड होती.

गुरुवारी दुपारी त्यानं तिचा हात धरला. हात गार होता आणि ओला.

“याडी, दे न वं.”

तिनं हात सोडवून घेतला आणि चुलीपुढे जाऊन बसली. पुष्पा उठायला लागली, तर म्हणाली, “तू नको. मीच करतो.”

द्यायचीच तर आपल्या हातानं.

तिनं पीठ घेतलं. पाणी घातलं. मिठाची बरणी डाव्या हाताला होती, तिकडे पाहिलं नाही. भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली. ती टम्म फुगली. इतकी चांगली भाकर तिच्या हातून आयुष्यात झाली नव्हती.

भारतनं चार खाल्ल्या. गालांवर रंग आला. पुष्पा दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

तो उठला. हात धुतले. चप्पल न घालता उंबरा ओलांडला आणि उतारानं खाली निघाला.

“भारत.”

तो थांबला नाही.

मागं न पाहण्याचा नियम चालत्या माणसांसाठी होता, पण त्यानंही तो पाळला.

संध्याकाळी तो दुसरा, पाण्याकडून आलेला, घरात आला. खुंटीला टोपी अडकवली, काशाची थाळी फळीवरून काढली आणि भिंतीला टेकून बसला.

“आवो, टाकी संपत आली,” पुष्पा त्याला म्हणाली. “उद्या ढाणकीले जा लागते.”

“जातो सकाळी.”

सुखीबाईनं पुष्पाच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं, नवऱ्याशी बोलणाऱ्या बाईच्या तोंडावर असतो तेवढा कंटाळा सोडून. तिनं भिंतीवरचा लग्नाचा फोटो पाहिला. मुंडावळ्यांखाली तोच होता. ती कितीतरी वेळ फोटोपुढे उभी राहिली आणि भारतच्या नाकाचा आकार आठवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी खेमसिंगकडे गेली, तर तो म्हणाला, “भारत बरा झाला म्हनते. चांगलं झालं.” ती आली तशीच परत फिरली.

मे संपत आला. पाहुणे कमी झाले. पाण्याच्या कडेला चौघं अजून बसलेले असायचे, आणि रोज दुपारी त्यांतला एक जण उतार चढून वर यायचा.

“मावशी, जेवन मिळन का? अळनी.”

ती वाढायची. तो पायरीवर बसून खायचा, घाई न करता. त्याच्या हनुवटीखाली लहानपणी पाळण्यातून पडल्याची खूण होती. ती खूण बघायला ती समोर बसायची. एक दिवस तोच बोलला.

“भाकर चांगली असते तुमची. आमची याडी अशीच करे.”

“कुठं असते तुही याडी?”

त्यानं आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. कपाळाला आठ्या पडल्या.

“मालूम नाई मावशी. वाटंत मागं राह्यली कुठंतरी.”

आतून थाळी वाजली. “याडी,” हाक आली, “मीठ आन जरासं.”

ती उठून आत गेली. मीठ वाढून बाहेर आली, तेव्हा पायरीवर कोणी नव्हतं. खाली पाण्याच्या कडेला बसलेले तिघं जरा जरा सरकले आणि चौथ्याला मधोमध जागा करून दिली.