मापभर तेल

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती, तर तिचा शेवट मी वेगळा केला असता.

घडलं ते रात्री नाही. अठरा नोव्हेंबरची सकाळ होती, सव्वासहाची. उजाडलं होतं. बोटीच्या शेडमध्ये भिंतीवरचा प्रत्येक पाना ओळखू यावा इतका उजेड होता. तिथे मी होतो आणि माझी धाकटी बहीण होती.

आणि तिसरं कुणीतरी…

आधी बोटीविषयी सांगायला हवं.

ती जेटबोट आहे. तिला खाली पंखा नाही. ती पोटाने पाणी ओढते आणि मागून जोराने फेकते, म्हणून गुडघाभर पाण्यातूनही दगडांना न शिवता निघून जाते. नदीच्या वरच्या अंगाला एक वस्ती आहे. तिथे रस्ता जात नाही. तिथले आजारी, बाळंतिणी, टपाल, सगळं आमच्याच बोटीतून जातं-येतं.

पण या बोटीचं एक आहे. इंजिन थांबलं की सुकाणूही मरतं. मग पाणी नेईल तिकडे जायचं.

आणि आमच्या धक्क्यापासून पाणी बंधाऱ्याकडे नेतं.

त्या बंधाऱ्यावर आमचा काका गेला. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. बोटीचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात तेल पेट्रोलबरोबरच जळावं लागतं. ते तेल सोडणारा छोटा पंप चालता चालता बंद पडला. इंजिन कोरडं पडून जाम झालं. पुढचं सगळं पाण्याने केलं.

तो पंप बाबांनी स्वतःच्या हाताने बसवला होता.

त्यानंतर त्यांनी पंप काढून टाकला तो कायमचा. रोज पहिल्या खेपेआधी ते पितळी मापाने टाकीत तेल ओतायचे. शेवटचे थेंब पडावेत म्हणून माप टाकीच्या तोंडावर दोनदा आपटायचे.

टण… टण.

आमचं सगळं बालपण त्या आवाजाने जागं व्हायचं.

मी शिकलो. शहरात कॉलेजात शिकवू लागलो आणि शिकलेल्या माणसाचा शहाणपणा घेऊन सुट्टीत घरी येऊ लागलो.

“बाबा, माणूस विसरतो. पंप विसरत नाही,” मी म्हणायचो.

“विसरत नाही,” ते म्हणायचे, “पण त्याला काळजीही वाटत नाही.”

ऑगस्टमध्ये बाबा गेले. झोपेत. कुणालाही न उठवता. बोट महिनाभर उभी होती. मग बहिणीने ती हाती घेतली आणि मी मोठेपणाने नवा पंप बसवून घेतला.

दुसऱ्याच दिवशी इंजिन बिघडलं.

जड, निळसर धूर. हळू चालवली की गचके. मग एक सिलिंडर गप्प. ठिणगी पाडणारा प्लग काढून पाहावा, तर टोक काळं आणि ओलं. प्लग बदलला की दोन खेपा नीट, पुन्हा तेच. महिन्याभरात ती तीनदा भर प्रवाहात बंद पडली. तिसऱ्या वेळी बंधारा वीस हातांवर आला होता. बहिणीने बांबू रोवून बोट थोपवली आणि नवा प्लग बसवला.

त्या संध्याकाळी तिचा फोन आला.

“दादा, ये.” एवढंच.

मी पोचलो तेव्हा टॉर्चमामा शेडमध्ये होते. ते बाबांचे दोस्त आणि नदीकाठचे एकमेव मेकॅनिक. दातांत टॉर्च धरून काम करायची सवय, म्हणून हे नाव.

“काय म्हणतेय, मामा?”

“एवढ्या धुरात निदान डास तरी मरायला हवेत,” ते म्हणाले. “आधी पेट्रोलवर संशय घेऊ. चोक अडकला असेल.”

चोक मोकळा होता. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी सुई घट्ट बसत होती. पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा कुठे फाटला नव्हता. हवेची जाळी कोरडी होती. प्लगही योग्य नंबरचे होते. दोन दिवस आम्ही एकेक संशय उघडला, पुसला आणि परत बसवला.

नवा प्लग तासाभरात काळा.

मामांनी त्यावर बोट फिरवलं.

“पेट्रोल जास्त झालं तर कोरडी काजळी धरते. ही चिकट आहे. हिला तेल जास्त होतंय. दुप्पट.”

“पंप जास्त सोडत असेल.”

“तीनदा मोजला. पंप तुझ्यासारखा आहे. सांगितलं तेवढंच करतो.”

मग त्यांनी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढलं आणि खिडकीशी धरलं. आमचं नवं तेल हिरवं होतं, आणि तेही टाकीत नव्हतं. पंप ते वेगळ्या डब्यातून ओढायचा. टाकीत निव्वळ पेट्रोल असायला हवं होतं.

बाटलीतलं पेट्रोल… लालसर होतं.

मामांनी टॉर्च विझवला.

“हे लाल तेल तुझा बाप वापरायचा,” ते हळू आवाजात म्हणाले. “यायचं बंद होऊन सहा वर्षं झाली. त्याने डबे साठवून ठेवले होते.”

शेवटचा डबा फळीवर होता. मी तो हलवला. रिकामा. आत कोळ्याचं जाळं.

खिळ्याला अडकवलेलं पितळी माप मात्र… ओलं होतं.

कुणाची तरी खोडी असेल, असं म्हणून आम्ही टाकी धुतली, ताजं पेट्रोल भरलं, शेडला कुलूप घातलं. किल्ली रात्रभर माझ्या उशाखाली होती.

सकाळी पेट्रोल लाल.

म्हणून अठरा तारखेला आम्ही दोघं उजाडायच्या आधीच आत जाऊन बसलो. दाराला आतून कडी लावली. ती उपड्या खोक्यावर, मी जमिनीवर.

“उंदीर निघाला ना, तर तुला ढकलून पळेन हां,” ती कुजबुजली.

“तू लहानपणीही तेच करायचीस.”

ती हसली. तिचं ते शेवटचं मोकळं हसू.

सव्वासहा झाले. धक्क्याखालचं पाणी अखंड काहीतरी पुटपुटत असतं. इतकं, की ते ऐकू येणंच बंद होतं. त्या क्षणी मला ते ऐकू आलं, कारण…

ते थांबलं होतं.

मी खिळ्याकडे पाहिलं.

खिळ्यावर माप नव्हतं…

टण… टण.

टाकीपाशी कुणीच नव्हतं. झाकण उघडं होतं. उजेडात धुळीचे कण तरंगत होते आणि टाकीसमोर, एका माणसाएवढ्या जागेत, तेवढेच कण स्थिर होते.

बहीण उठली. मी बाबांना ‘तुम्ही’ म्हणायचो. ती लाडकी, ती ‘तू’ म्हणायची.

“बाबा, पुरे कर,” ती म्हणाली. “पंप आहे आता. तुझ्या या तेलाने मी तीनदा मरता मरता वाचलेय. जा ना रे तू. जा!”

धुळीचे कण हलले.

पाणी पुन्हा पुटपुटू लागलं. माप खिळ्यावर होतं, हलकेच झुलत.

मी तिला खेपेवर जाऊ दिलं. संध्याकाळी पंपाचा तेलाचा डबा काठोकाठ भरला आणि टाकी धुऊन ताजं पेट्रोल भरलं.

दुसऱ्या दिवशी धूर नव्हता. इंजिन एका सुरात चाललं. मामांनी प्लग काढला. टोक फिक्या तपकिरी रंगाचं, कोरडं.

“बिस्किटासारखा भाजलाय बघ,” ते म्हणाले. “चहात बुडवून खावा असा!”

मामा आणि मी हसलो. त्यानंतर सकाळी तो आवाज आला नाही. टाकीत डोकावण्याचं कारण उरलं नव्हतं, म्हणून कुणी डोकावलं नाही. बाबा गेले, असं आम्ही समजलो. या खेपेला खरोखरचे गेले. शेड फार मोठी वाटू लागली. मी रजा वाढवली. कशासाठी, ते सांगता आलं नसतं.

एकोणिसाव्या दिवशी बहीण एका बाळंतिणीला सुखरूप आणून परतली आणि बोटीपाशीच उकिडवी बसून राहिली.

“दादा, पंपाच्या डब्यात तेल तू घालतोस का?”

“नाही. तू घालत असशील.”

“मीही नाही.”

डबा काठोकाठ भरलेला होता. अठरा तारखेला मी भरला तसाच…

मामांनी पंप उघडला. आतल्या गियरचे दात तुटून पडले होते.

“हा आज नाही गेला,” ते म्हणाले. “तेल थिजलंय आत. अठरा-एकोणीस दिवस तरी झाले.”

“मग इंजिन कसं चाललं?”

“तेलाशिवाय? पंधरा मिनिटंसुद्धा चालणार नाही.”

बहिणीने टाकीचं झाकण उघडलं. बाटली बुडवली. खिडकीशी धरली.

लालसर.

दोन ठिकाणांहून तेल येत होतं. त्यातलं एक थांबलं, म्हणून प्लग स्वच्छ झाला. कोणतं थांबलं, ते आम्ही पाहिलंच नव्हतं.

“पण मग आवाज?” मी म्हणालो. “आवाज तर…”

तिने बोट दाखवलं. खिळ्याच्या बरोबर खाली, जमिनीवर, तेलाचा लाल डाग होता. थेंबावर थेंब पडून साचलेला. माप आपटलं असतं तर ते थेंब टाकीत पडले असते.

बाबा माप आपटत नव्हते.

आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून.

“मी जा म्हणाले रे, दादा,” बहीण म्हणाली आणि त्या डागाशेजारी बसून राहिली. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तेलकट आहे, हे तिघांपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

पंप आम्ही त्याच दिवशी काढला. आता ती स्वतः तेल ओतते माप हाती घेऊन, रोज, पहिल्या खेपेआधी. त्यानंतर टाकीत लाल रंग दिसला नाही. खिळ्याखाली नवा थेंब पडला नाही. बाबा सुटले, असं मामा म्हणतात. आम्ही त्यांना दुसऱ्यांदा घालवून दिलं, असं मला वाटतं. खरं काय, ते मला कळणार नाही.

मी शहरात परतलो आहे. रोज सव्वासहाला तिचा फोन येतो. ती फोन टाकीजवळ धरते.

टण… टण.

“ऐकू आलं ना?” ती विचारते.

“आलं,” मी म्हणतो.

पण ती लगेच फोन ठेवत नाही. थांबून राहते.

तो प्रश्न मलाच असतो का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.