ऐकू न आलेला गडगडाट

"या यंत्राला कुणाचा पदर लागला होता का?"

धारच्या आमच्या ओसरीवर पाऊल ठेवताच त्या अनोळखी माणसानं मला हे विचारलं... नमस्कार नाही, नाव नाही!

हा होता विश्वासराव, देवासला पदार्थविज्ञान शिकवणारा मास्तर. साल १९१०. माझे वडील गोपाळराव, म्हणजे आमचे आबा, धारच्या शाळेत मास्तर होते. पण हवेचा दाब कागदावर रेघेनं उमटवणारं त्यांचं यंत्र मीच सांभाळत असे. चार दिवसांपूर्वी, भर दुपारी, एक उल्का आकाश उजळत पश्चिमेला गेली. मागून असा गडगडाट झाला की "तोप छूटी!" म्हणत सारी गल्ली धावली. रेघ थरथरली ती तेव्हाच, आणि आबांनी तसं देवासला कळवलं होतं.

"पदर नाही, उल्का!" मी कागद त्याच्यापुढे आपटला. "वेळ बघा. घड्याळ तारघराशी लावलेलं आहे."

तो वाकला. कपाळावर प्रवासाची धूळ, आणि डोळे — असू दे.

"देवासला कुणी काहीच ऐकलं नाही," तो हळूच म्हणाला. "पण आमचीही रेघ हलली. तुमच्यानंतर सव्वाचार मिनिटांनी."

धार ते देवास सत्तावीस कोस... मी मनातल्या मनात भागाकार केला.

"आवाजाला तेवढाच वेळ लागतो! तोच गडगडाट तुमच्याकडे पोचला. कंपनं इतकी संथ, की कानाला कळलीच नाहीत."

तो बघतच राहिला. मीही नजर वळवली नाही.

महिन्यानं मासिकात त्याचा लेख आला. शोधाचं श्रेय — धारच्या गोपाळरावांना! तो पेढे घेऊन आला, तेव्हा मी त्याला दारातच अडवलं.

"भागाकार कुणी केला होता?"

"तुम्ही. पण अविवाहित मुलीचं नाव छापलं, तर लोक—"

"लोकांना एवढं भ्यायचं तर आकाशाकडे बघता कशाला?"

"विनोदिनीबाई, ऐकून तरी—"

"जा!"

तो पेढे घेऊन तसाच परतला. दार लावून मी रडले, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले.

पुढच्या अंकात दुरुस्ती होती : 'हा शोध विनोदिनी यांचा. त्यांचं नाव मी भित्रेपणानं गाळलं.' अंक द्यायला तो स्वतः आला.

"हेडमास्तर संतापलेत," तो म्हणाला. "आणि मी... मला तुमच्याशी रोज भांडायचंय. जन्मभर."

माझे कान तापले.

"माझा राग गेलेला नाही."

"ठाऊक आहे."

"जायला वेळ लागेल."

"थांबतो."

"मग बाहेर का थांबता?" मी दारातून बाजूला झाले. "आबा घरात आहेत... त्यांना विचारा."